घाटमाथ्यावरचा मचवा

फळीवर रंधा मारून झाला की तो डोळे मिटायचा आणि उजव्या हाताचा तळवा फळीवरून अगदी सावकाश न्यायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग डोळे उघडून म्हणायचा, "केसभर राहिलंय."

आम्हाला काही राहिलेलं दिसायचं नाही. पण त्याचं सगळंच केसभर राहिलेलं असे. चहात साखर केसभर कमी, पावसाळा संपायला केसभर अवकाश. आमच्या गोऱ्या फोरमनला मराठी शब्द येत होते तीन-चारच, त्यातला हा एक. दुरुस्तीला आलेल्या डब्यापाशी उभा राहून तो ओरडायचा, "मिस्त्री! केसभर?" आणि हा मान न उचलता म्हणायचा, "व्हय साहेब, केसभर."

लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये आम्ही दोघं चौदा वर्षं शेजारी शेजारी सुतारकाम केलं. दोघांचा पगार एक, हुद्दा एक. स्पष्टच सांगतो, सांधा माझा जास्त सफाईदार असायचा. पण डब्यात शिरलेला माणूस माझ्या दाराला हात लावून आत जायचा आणि त्याच्या खिडकीपाशी थांबून म्हणायचा, "वा!" तुमच्याही कामावर असा एखादा माणूस असेल. तो आपलं काही वाईट करत नाही, आणि त्यामुळेच त्याचा राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

एका दसऱ्याला, हत्यारांची पूजा झाल्यावर त्यानं जाहीर केलं, "मी मचवा बांधणार आहे. चौदा हात लांब, शिडाचा."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "मिस्त्री, इथून समुद्र कुठं, आपण कुठं! घाट कसा उतरणार तुमचा मचवा?"

"पाणी उतरतं की," तो म्हणाला. "तसाच उतरेल."

लहानपणाची पाच-सहा वर्षं तो हर्णैला आजोळी राहिला होता. आजोबा गलबतं बांधायचे. त्याची आई तिथली. लग्न होऊन घाटावर आली; मुलाला माहेरी धाडलं, पण स्वतः ती चाळीस-पन्नास वर्षांत पुन्हा समुद्र न पाहता म्हातारी झाली. तिला सगळे अम्मा म्हणायचे.

घराच्या मागं गवताचा मांडव घालून त्यानं काम सुरू केलं. रविवारी आणि सुटीच्या दिवशी, कुणाची मदत न घेता. पहिल्या वर्षी नुसता कणा पडला होता, तेव्हा मला बरं वाटत होतं. दुसऱ्या वर्षी त्या कण्याला बरगड्या आल्या आणि माझी झोप उडाली. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. माझी बायकोही जाऊन आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "काय सुरेख दिसतंय हो! आणि सगळं त्यांचं स्वतःचं."

त्या रात्री मी आमच्या घरात बघितलं. माझ्या हातचा एक पाट होता आणि एक फडताळ. बाकी इतक्या वर्षांत मी जे केलं ते सगळं रेल्वेचं होतं आणि रुळांवरून निघून गेलं होतं.

मीही रविवारी जाऊ लागलो. मदतीला म्हणून जायचो, पण नुसता उभा राहायचो. कुठं फट दिसते का ते बघायचो. अम्मा मांडवात बाजेवर बसून शिडाचं कापड शिवत असायची आणि हुकूम सोडायची, "मागचा भाग जड केलास. माझा बाप असता तर कानफटात मारली असती." एकदा सुई थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला पण पायजे का रे?"

"छे! मला काय करायचाय?" मी म्हणालो.

"मग असा का बघतोस?" ती म्हणाली आणि पुन्हा शिवू लागली.

तिसऱ्या वर्षी काम अडलं. मचव्याच्या तोंडाला, पाणी कापत जातो त्या भागाला, मुळातच वाकलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर ते लाटेला टिकत नाही. माझ्या सासऱ्यांच्या औंढ्याच्या शेतात बांधावर एक ऐन होता, बुंध्यापासून कमान घेऊन वर गेलेला. ते झाड त्यानं येताजाता पाहिलं होतं.

"भाऊ, तुमच्या सासऱ्यांना एवढं विचारा," तो मला म्हणाला. "या थंडीत तोडलं तर उन्हाळाभर सुकेल. मग वर्षात मचवा पुरा."

मी औंढ्याला गेलो. दोन दिवस राहिलो, हुरडा खाल्ला, त्या झाडाखाली उभाही राहिलो. सासऱ्यांना काही विचारलं नाही. परत येऊन त्याला सांगितलं, "नाही म्हणाले. देवाचं झाड आहे म्हणे."

"देवाचं असेल तर नको," तो म्हणाला. ती थंडी तशीच गेली. पवनेच्या बाजूला, कामशेतच्या वखारींत, सगळीकडे तो शोधत फिरला. मचवा तोंडाशिवाय पडून राहिला. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही वाटलं. त्या वर्षी मला चांगली झोप लागली.

पुढच्या पौषात सासरे आमच्याकडे आले. घाटमाथ्यावर होडी बांधणारा माणूस त्यांना बघायचाच होता. मी टाळाटाळ केली, पण ते ऐकेनात. मांडवात शिरले, भोवती फिरले आणि म्हणाले, "समदं लय झ्याक हाय. पर हिला त्वांड कुटं हाय?"

"वाकडं लाकूड मिळत नाही, आबा," तो म्हणाला. "तुमच्या बांधावरच्या ऐनासारखं."

"आता गं बया! मग मागायचा की! त्यो ऐन माज्या औताला आडवा येतोय धा वर्सं. कोन न्हाई म्हनलं तुमास्नी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. बाजेवरून अम्माही बघत होती. मग तो सासऱ्यांना म्हणाला, "मीच विचारायला कमी पडलो, आबा."

झाड त्याच आठवड्यात आलं. त्या दिवसापासून मला त्याच्या मचव्यापेक्षा त्या एका वाक्याचा हेवा जास्त वाटू लागला. मला ते सुचलं नसतं. त्याच्या जागी असतो तर मी चारचौघांत त्याची अब्रू काढली असती. शेडमध्ये तो पूर्वीसारखाच वागत राहिला, करवत मागायचा, तंबाखू द्यायचा. एकदा तरी त्यानं शिवी द्यावी म्हणून मी वाट बघायचो.

अम्मा पुढच्या भाद्रपदात गेली. तापाचं निमित्त झालं, आठवडाभरात आटोपलं. शीड तिनं पुरं केलं होतं. मचव्याच्या वरच्या फळ्या तेवढ्या बसायच्या होत्या. माघात मचवा तयार झाला.

त्यानं नोकरी सोडली आणि हर्णैला जाऊन राहायचं ठरवलं. दोन बैलगाड्या एकामागे एक जोडून त्यांवर मचवा चढवला आणि आम्ही दहाजण घाट उतरलो. प्रत्येक वळणावर चाकांमागे लाकडी ठोकळे टाकायचे, दोर आवळायचे, बैल धरायचे. मी सगळ्यांत जास्त राबलो. लोकांना ती मैत्री वाटली. तिसऱ्या दिवशी पेणच्या खाडीवर पोचलो. भरतीला मचवा पाण्यात ढकलला. तो जरा डुलला आणि सरळ उभा राहिला. एक थेंब आत आला नाही. मी वाकून प्रत्येक सांधा तपासला.

डोलकाठीच्या पायथ्याशी एक बैठक होती. बुटकी, पाठ टेकायला फळी असलेली, दोन्ही बाजूंना हात ठेवायला गोल केलेले दांडे. इतकं सुबक काम मी त्याच्याही हातचं पाहिलं नव्हतं.

"ही कुणासाठी?" मी त्याच्या बायकोला विचारलं. ती गाठोडी आत ठेवत होती.

"अम्मांची," ती म्हणाली. "त्यांना माहेरी पाण्यातून न्यायचं होतं ना, म्हणून तर हा सगळा खटाटोप. एक वर्ष कमी पडलं बघा, भाऊजी. ते वाकडं लाकूड वेळेवर मिळालं असतं तर पोचल्या असत्या." ती साधेपणानं बोलत होती. माझं खोटं त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

तो पुढे दोर बांधत होता. मी चिखलातून त्याच्यापाशी गेलो. "मिस्त्री, त्या ऐनाबद्दल मी सासऱ्यांना विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे."

"अम्मांसाठी आहे हे मला माहीत नव्हतं."

त्यानं गाठ आवळली. "माहीत असतं तर विचारलं असतंत?"

मी दोराचं दुसरं टोक उचलून दिलं. ते हातातून घेत तो म्हणाला, "अम्मा गेली त्यानंतर तुमच्या शेजारी उभं राहून काम करणं मला फार जड गेलं, भाऊ. पण तुम्ही घाटात खांदा दिलात. ओहोटी लागतेय. धरमतरपर्यंत चला आमच्याबरोबर. तिथून परत यायची सोय होईल."

मचव्यात सामान भरलं होतं. रिकामी तेवढी ती एक बैठकच होती. त्याची बायको म्हणाली, "बसा की."

जन्मात मला कशाची एवढी इच्छा झाली नसेल. "नको," मी म्हणालो. "बैल खोळंबलेत."

त्यानं शीड वर ओढलं. अम्माच्या टाक्यांचं ते भगभगीत नवं कापड वाऱ्यानं फुगलं आणि मचवा असा निघाला, की जणू रोजच जात असावा. खाडीच्या वळणावर शीड झाडांमागे गेलं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेलाही पोटात होता तो हेवाच.

त्याला मी पाहिलं ते शेवटचंच. हर्णैहून त्याची दोन पत्रं आली, दोन्हींत 'या' असं लिहिलेलं. मी गेलो नाही. सहा-सात वर्षांनी तिसरं आलं, ते त्याच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, तो गेल्याचं.

पेणहून परतताना दोन्ही गाड्या मोकळ्या होत्या. गाडीवान वळून वळून म्हणत होता, "बसा की वर, गाडी रिकामीच हाय." खोपोलीपर्यंत मी गाडीमागून चालत आलो.