आत्याची दाराशेजारची खुर्ची

आत्या गेल्याचा फोन सुमनमावशीनं केला. घाटकोपरला आत्याच्या शेजारी राहणारी, आमच्या गावच्याच वाडीतली. "ताई उठत नाहीयेत गं," एवढंच म्हणाली... मुलुंडहून निघताना वाटलं, हा फोन दुसऱ्या कुणी केला असता तर बरं झालं असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीवर दरड कोसळली आणि त्यात सुमनमावशीची आई गेली. गावच्या मंडळानं घाटकोपरच्या हॉलमध्ये गाऱ्हाणं ठेवलं. एकानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. आत्या पक्की नास्तिक, आणि मी तिच्याच तालमीतली. त्या दिवशी साकडं घालणारे मंडळाचे दाजीकाका देवाला म्हणाले, बाकीची वाडी राखलीस, तशीच यापुढेही राख. तेवढ्यात आत्या उभी राहिली. "राखली? मग सुमनची आई त्याला दिसली नाही?"

गाऱ्हाणं तिथंच थांबलं. मला तिचा अभिमान वाटला होता. सुमनमावशी खाली बघत म्हणाली, "ताई, तो ऐकत नाय, ते मला पण कळतं. पण एवढी माणसं माझ्या आईसाठी बोलत होती... ते तरी पुरं होऊ द्यायचं ना."

परतताना आत्या जिन्यात थांबली. "चुकीचं नाही बोलले मी. पण कुणासमोर बोलले गं..."

प्रार्थनेनं डोंगर थांबत नाही, हे तिचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. डोंगर पोखरून रस्ता काढला तेव्हा हेच सगळे का बोलले नाहीत, असं ती विचारायचीच. पण त्यानंतर मंडळाचं एकही गाऱ्हाणं तिनं चुकवलं नाही. हात जोडायची नाही. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या चपला राखायची. कुत्री पळवतात, म्हणायची.

गेल्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये तिची शोकसभा झाली. दाजीकाकांनी हळूच विचारलं, "चेडवा, तुझ्या आत्येक गाऱ्हाणां चाललां असतां काय?"

मी नाही म्हणाले. तेच खरं होतं. सगळे निमूट उभे राहिले. पंख्याचा तेवढा आवाज... आणि कुणीतरी तिचं नाव मोठ्यानं घ्यावं, सगळ्यांनी मिळून होय म्हणावं, असं मला इतकं वाटलं की मान वर करवेना. शेजारी सुमनमावशी उभी होती. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

खुर्च्या कमी पडल्या होत्या, तरी दाराशेजारची कुणी उचलली नव्हती. निघताना बघितलं, माझ्या चपला कुणीतरी तिच्याखाली सरकवून ठेवल्या होत्या.