रपट्याअलीकडचा हार

माझं माहेर अमरावतीचं. राजापेठेत बाबांची फुलांची गाडी होती. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्या गाडीवर हार ओवायला बसले. तिथं एक गोष्ट मी लहानपणीच पाहिली. पुढाऱ्यांचे मोठे हार न्यायला पुढारी कधी येत नसत. कोणी तिसराच माणूस येई, भाव न करता पैसे देई, आणि संध्याकाळी सभेत तो हार पुढाऱ्याच्या गळ्यात दिसे. मी बाबांना विचारलं होतं, "हा मानूस त्यायचा कोन लागते?"

बाबा म्हणाले, "आज कोनी नाई. उद्या लागन."

सासर बाळापूर तालुक्यात मिळालं. इथंही फुलंच. आमच्या काळ्या रानात झेंडू आणि शेवंती होते, ती अकोल्याच्या बाजारात जाते, आणि सणासुदीला हार मी घरी ओवते. दोघा भावांची घरं एकाच अंगणात आहेत. माझी धाकटी जाऊ बारावी झालेली, ब्लाउज शिवते, बचत गट चालवते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ती मात्र कुणाशीही बोलते.

मागच्या जिल्हा परिषदेला आमच्या भागातली जागा बायांसाठी राखीव निघाली, आणि जाऊ म्हणाली, मी उभी राहते. कारण एकच होतं, नाल्यावरचा रपटा. रपटा म्हणजे बुटका पूल. गाव आणि शाळेच्या मधे तो आहे. नवा बांधला आणि पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूनं खचला. पोरी कडेकडेनं, एकमेकींचा हात धरून शाळेत जातात. ज्या ठेकेदारानं तो बांधला, त्याला तिला सगळ्यांसमोर विचारायचं होतं. म्हणून ती पहिल्या दिवशीच बोलली, "कोनाचं काही घ्याचं नाई. ज्याच्या गाडीत बसून मतं मागू, त्याले रपट्याचं कोन्या तोंडानं विचारू?"

आठवडा झाला नाही तोच ठेकेदार स्वतः आमच्या अंगणात आला. गोड माणूस. माझ्या शेवंतीची तारीफ केली, चहा घेतला.

"ताई, गाड्या माह्या, जेवन माह्या वाढदिवसाचं. तुमच्या खर्चात चहाचा कपबी दिसनार नाई. मले काही नको. फक्त ओळख ठेवा."

"वाढदिवस कवा हाय भाऊ तुमचा?" जाऊनं विचारलं.

बाजेवरून आमचे सासरे बोलले, "निवडनूक लागली का येते तो. मागं उन्हाळ्यात आला होता. औंदा थंडीत हाय वाटते."

ठेकेदारही पोट धरून हसला. जाऊनं हात जोडले आणि नाही म्हटलं. तो रागावला नाही. "दार उघडंच हाय," म्हणाला आणि गेला.

त्याचा वाढदिवस खरंच झाला. मी बांधावर उभी राहून पाहिला. रानात मांडव, चुलींवर आत माणूस बसेल एवढ्या कढया, बुंदीचा ढीग, पंगतीमागून पंगती. दोन मोठे उमेदवार होते, दोघांच्या माणसांनी जाऊला हसण्यावारी नेलं होतं. ते दोघंही येऊन हात जोडून गेले, आणि दोघांनाही त्यानं सारख्याच प्रेमानं बसवलं. निवडणुकीच्या कचेरीतली माणसं कॅमेरा घेऊन आली. त्यांना मेणबत्ती लावलेला केक दाखवला. झेंडा नाही, पाटी नाही, कुणाचं नाव नाही. त्यांनी फोटो काढले आणि निघून गेले. एवढी मोठी गोष्ट सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत होते आणि ती कुणाचीच नसते! माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही. नदीला पूर आला की काठावर उभं राहून जसं वाटतं, तसं.

इकडे जाऊच्या दारात पोरं येत.

"वहिनी, पेट्रोलचं काय?"

"पायी फिरू ना बापा."

"पायी? मंग आमाले पाह्यन कोन?"

भजनी मंडळाला स्पीकर हवा होता, कबड्डीवाल्यांना कपडे. ही माणसं वाईट नव्हती. एरवी कुणी विचारत नाही. पाच वर्षांतून एकदा कोणी दारात येऊन विचारतं, काय पाहिजे, तर माणूस सांगतोच. आणि आपल्याकडे आलेल्याला चहा पाजल्याशिवाय पाठवणं म्हणजे त्याचा अपमान. तो चहा निवडणुकीच्या खर्चाच्या हिशेबात धरावा लागतो, आणि जाऊजवळ शिलाईचे पैसे तेवढे होते. मला वाटलं, हिचं इथंच संपलं.

मग तिनं उलटं केलं. तिनं चहा पाजणं बंद केलं आणि स्वतः प्यायला लागली. बचत गटातल्या बायांना घेऊन एकेका घरी जायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. "चहा टाका वं माय, पायी आलो." आलेल्या बाईला चहा नाही कोण म्हणेल? आणि आपल्या घरचं साखरपाणी जिच्या पोटात गेलं, तिला परकी कोण म्हणेल? घरी येऊन ती पोट दाबून पडायची. "जाऊबाई, आता चहाचं नाव काढलं तं उलटी होईन मले."

निकालाच्या दोन दिवस आधी ठेकेदार पुन्हा आला, या वेळी माझ्याकडे. क्रेननं उचलायचा हार हवा होता. मी घाबरत विचारलं, "मधल्या पाटीवर नाव कोनाचं?"

"पाटी कोरी ठेवा, वहिनी. निकाल लागला का लिहून घेऊ."

मी जाऊला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "म्हंजे कोनीबी हारो, हा जितेलच हाय." कापड पुन्हा सुईखाली सरकवत म्हणाली, "करा तुमी. तुमचं काम हाय थे."

तसा हार मी जन्मात केला नव्हता. आमची फुलं पुरेनात, भावाकडून अमरावतीहून पोती मागवली. गाभ्याला जुनी लुगडी पिळून घालतात. तीही कमी पडली, तेव्हा माझी हिरवी साडी घातली. अंगण भरून तो हार पडला होता, आणि तो माझ्याच हातांनी झाला यावर माझा विश्वास बसेना.

मोठे दोघं एकमेकांत लढले आणि जाऊ थोड्या मतांनी निवडून आली. गावच्या वेशीवर क्रेन उभी. पाटीवर तिचं नाव, रंग अजून ओला. हार वर गेला तेव्हा आख्खं गाव मान वर करून गप्प झालं. मीही. गुलालात ती एवढीशी दिसत होती.

"या ताई, उभ्या राहा खाली," ठेकेदार म्हणाला. सगळ्यांच्या हातात मोबाइल. हार नाकारणं म्हणजे देणाऱ्याचं नाक कापणं, आणि त्या दिवशी तर गावाचंही. मला वाटलं, संपलं, आता ती अडकली.

"घालू ना भाऊ," जाऊ म्हणाली. "पन शाळेपाशी. पोरी वाट पाहून राहिल्या. आना क्रेन."

वाजतगाजत सगळे निघाले. रपट्याशी येऊन क्रेन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून पाहिलं.

"मालक, नाई जमत. धसन."

"अरे, ट्रॅक्टर जाते ना रोज!"

"मंग ट्रॅक्टरवर ठेवा हार. मी नाई घालत."

बाजा थांबला. जाऊ आवाज न चढवता म्हणाली, "मानूस तुमचा, पूल तुमचा, भाऊ. आमच्या पोरी रोज जातात याच्यावरून." आणि ती चालत पलीकडे गेली. हार अलीकडेच लोंबकळत राहिला. नंतर तो बांधावर उतरवला, शेळ्यांनी फुलं खाल्ली. मी जाऊन माझी साडी सोडवून आणली. ठेकेदाराचे पैसे दुसऱ्या दिवशी घरपोच आले. मी जाऊकडे पाहिलं. "ठेवा," ती म्हणाली, "रात्रंदिवस बसल्या तुमी."

मला वाटलं होतं, आता रपटा होईल. पण ती दर मीटिंगला विचारते आणि तशीच परत येते. एकदा जेवताना म्हणाली, "तिथं जे बसेल हायेत, त्यायच्यातल्या कितीकायच्या गळ्यात याचे हार पडून गेले, जाऊबाई. कोन बोलन? नियम बदलाचा म्हटलं तं तोबी त्यायनंच बदलाचा." खर्चाचे हिशेब सगळ्यांनी दिले होते म्हणे, आणि सगळ्यांचे बरोबर निघाले. वाढदिवसाचा हिशेब कुठंच द्यायचा नसतो.

शेवटी एक इंजिनीअर चौकशीला गावात आला. पंचायतीपुढे सगळे जमले, जाऊनं क्रेन थांबल्याचं सांगितलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, त्या दिवशी क्रेनचं डिझेल संपलं होतं, रपट्याला काही झालेलं नाही. साहेबांनी विचारलं, "कोणी पाहिलं का?" सगळ्यांनी पाहिलं होतं. पण सगळे त्या पंगतीत जेवलेही होते. माना खाली गेल्या. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मला कधीच काही मागितलं नाही.

मी उठले कशी, ते मला अजून कळत नाही. "साहेब, हार माह्या हातचा होता," मी म्हटलं. "मी क्रेनच्या मागंच होती. डिझेल संपलं नव्हतं. त्याच क्रेननं नंतर हार उतरवला. ड्रायव्हर म्हने, रपटा धसन."

मग मागून एक म्हातारी बोलली, "हो, धसन म्हने." मग आणखी एक.

साहेबांनी लिहून घेतलं. रपटा अजून तसाच आहे. ठेकेदार रस्त्यात भेटला की अजून हसून विचारतो, "काय वहिनी, शेवंती कशी हाय?" मी मान खाली घालून "बरी हाय" म्हणते. पण त्या दिवशी माझा आवाज मीच ऐकला होता, आणि तो एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.