भिंतीला पाठ टेकून घर बघणारी माणसं

पाण्याचे नमुने तीन महिने सांभाळले की ओतून देता येतात. किस्से तसे ओतून देता येत नाहीत. आमच्या अंबडच्या लॅबमध्ये बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत, आणि त्यातले निम्मे एका घराच्या शोधातले आहेत.

लॅब म्हणजे दोन खोल्या आणि तीन माणसं. परदेशात पर्यावरण शिकून मी परत आले आणि माती-पाणी तपासायचं हे काम सुरू केलं. खरात मामा जीप चालवतात, गावोगावचे नमुने आणतात. शोभाताई बाटल्या धुण्यापासून नोंदींपर्यंत बाकीचं सगळं बघतात.

शोभाताई आधी शहागडला भाड्यानं राहायच्या. गोदावरीचं पाणी दोनदा त्यांच्या खोलीत शिरलं. दुसऱ्या वेळी वर्षाचे गहू भिजले आणि मुलीची दहावीची पुस्तकं गेली. अंबडला आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आता घर घेईन ते एकदाच. पुन्हा पाण्यापुढं पळणार न्हाई."

झालं. दर रविवारी एक घर, आणि आम्ही तिघं.

*

पहिलं घर अंबडातलंच, ताज्या रंगाचं. एजंट कौतुकानं टाइल्स दाखवत होता. मी लॅपटॉपवर जुना नकाशा उघडत होते. मामा मात्र स्विचबोर्डासमोर मान वर करून उभे. घरातले सगळे बोर्ड डोक्याच्याही वर होते आणि खाली, कमरेच्या उंचीवर, सिमेंटनं बुजवलेले चौकोन नव्या रंगातूनही ओळखू येत होते.

मामांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "आधीचे मालक लई उंच होते का हो?"

एजंटनं टाइल्सवरून पाय फिरवला. माझा नकाशा उघडला तेव्हा घराच्या मागूनच ओढा गेलेला दिसला. पण हे सांगायला मी वळले, तर मामा जीपमध्ये जाऊन बसलेही होते.

*

पाण्याचा प्रश्न शोभाताई मालकाला विचारतात, पण उत्तर शेजारच्या अंगणात शोधतात. ही त्यांची पद्धत.

जालन्यात एका कॉलनीत मालक छातीला हात लावून सांगत होता की नळाला एक दिवसाआड पाणी येतं, बिलकुल टेन्शन नाही. शोभाताई ऐकून घेऊन शेजारी गेल्या. तिथं भिंतीला लागून सात निळे ड्रम, झाकणांवर दगड ठेवलेले.

"काकू, एक दिवसाआड पाणी येतं म्हणं. मंग ह्यात काय लोणचं घालून राह्यलात का?"

त्या काकूंना इतकं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. मालकही हसला, पण थोडा उशिरा.

त्याच गल्लीत आणखी एक गोष्ट मामांच्या ध्यानात आली. कडक ऊन, वर एवढ्या गच्च्या, आणि एकाही दोरीवर कपडा नाही. मामांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, तुळशीचं एक पान हलकंच पुसलं आणि काळा झालेला रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. मालक म्हणाला, कारखान्यांकडून आज वारा उलटा आलाय. मामा म्हणाले, "असं का? मंग सुलटा झाला की फोन करा."

*

आता माझी फजिती. ती लपवली तर बाकीच्यांना न्याय मिळणार नाही.

मे महिन्यात एका घरासाठी मी रीतसर अहवाल केला होता. उतार, माती, भूजल, उष्णता, सगळं तपासून सात पानं. निष्कर्ष : घर राहण्यास योग्य. दुपारी चार वाजता आम्ही तिथं पोचलो. शोभाताईंनी अहवाल हातात घेतला, आतल्या खोलीत गेल्या आणि पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या. दोन मिनिटांत उठल्या.

"मॅडम, तुमचं सगळं बराबर असंल. पण हितं मानूस न्हाई, भाकर राहू शकती."

मी बसून बघितलं. पाठ अक्षरशः भाजली.

तेव्हापासून आमच्या तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना आहे : 'पाठ टेकून'. तो भरल्याशिवाय मी सही करत नाही. एवढ्या लांब शिकून आले त्याचा मला पस्तावा नाही, पण माझ्या शिक्षणात हा रकाना नव्हता हेही खरं.

*

परवा वाटूरहून एक तरुण जोडपं आलं. जालन्यात फ्लॅट बघून ठेवलेला, विसार द्यायचा बाकी. मी त्यांना खुर्ची दिली, लॅबची माहिती सांगायला लागले. नवऱ्यानं अदबीनं थांबवलं.

"ते असू द्या मॅडम. पाठ टेकायला येणाऱ्या बाई कोणत्या?"

मी शोभाताईंकडे बोट दाखवलं. आयुष्यात इतक्या अभिमानानं मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं नसेल.

*

आणि हा शेवटचा.

अंबडच्या बाहेर मुरमाड उंचवट्यावर निवृत्त कांबळे गुरुजींचं घर विकायला होतं. मुलाकडे राहायला जायचं म्हणून ते विकत होते. बोर्ड जागच्या जागी, शेजारी दोनच ड्रम, पश्चिमेची भिंत कडुलिंबाच्या सावलीत. शोभाताईंचं मन तिथं बसलं. पण जालन्याचं एक गिऱ्हाईक जास्त भाव सांगून गेलं होतं आणि सोमवारी विसार घेऊन येणार होतं. शोभाताईंकडे वाढवायला काहीच नव्हतं. गुरुजी म्हणाले, रविवारपर्यंत विचार करतो.

रविवारी सकाळपासून असा पाऊस कोसळला की समोरची जीप दिसेना. मामा म्हणाले, रस्ता खराब आहे, उद्या जाऊ. शोभाताई तोवर जीपमध्ये बसल्या होत्या.

पोचल्यावर आम्ही दार वाजवलंच नाही. मी फाटकाशी उभी राहून रस्त्यावरचं पाणी कुठं वळतं ते बघत होते. मामा भिंती चाचपत होते. शोभाताई मागच्या अंगणात, गुडघ्यापर्यंत साडी खोचून, छताच्या पाइपचं पाणी विहिरीत पडतं की घराच्या पायात मुरतं हे बघत तासभर उभ्या होत्या. पाणी विहिरीत पडत होतं. अंगणात घोटाही बुडाला नाही.

वळून बघतो तर गुरुजी छत्री घेऊन ओट्यावर उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी आत बोलावलं, टॉवेल दिला, चहा ठेवायला सांगितला. मग आमच्यासमोरच फोन लावला.

"हां साहेब, उद्या येऊ नका. घर दिलं मी... न्हाई न्हाई, भाव तुमचाच जास्त आहे. पण तुम्ही उन्हात आल्ता."