कडब्यासाठी केलेला तराफा

धरणात पहिल्यांदा पाणी अडलं, त्या पावसाळ्यात आमचं माळाचं रान बेट होऊन बसलं. रानात कडब्याची गंज रचलेली होती. बैलांची पुढच्या सुगीपर्यंतची वैरण तेवढीच. पाणी रोज थोडं थोडं चढत होतं. गंजीला लागलं की कडबा कुजणार. मधल्या गाळात माणूस रुतायचा आणि गावात होडी नव्हती.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीला आलो होतो. "आबा, तराफा करू का?" असं वडिलांना विचारलं. होईल याची मला खात्री होती. तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडून ॲसिडचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन मागून आणले, धुतले. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. वरून डांबर लावलं, तेही निववून, नाहीतर प्लॅस्टिक वितळलं असतं. मग पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसा एकेक कॅन हौदात दाबून धरला. ज्यांनी बुडबुडे सोडले ते पुन्हा बंद केले, आणि सगळे बांबूच्या चौकटीला सुंभाने आवळले.

चुलते शेजारी बसून बघत होते. "कालिजात हेच शिकिवत्यात व्हय रं?"

"न्हाई तात्या, हे माझं मीच."

"मंग बुडालं तर मास्तरला बोल लावता यायचा न्हाई!"

आधी मी एकटाच बांबूने तराफा रेटत पलीकडे गेलो आणि दोन्ही काठांच्या बाभळींना दोर बांधला. तो ओढत मी आणि आबा बेटावर पोचलो. आबांनी बैलगाडीत भरावा तसा कडबा भरला. गाडी मागे उलटू नये म्हणून पुढे वजन जास्त, ही त्यांच्या हाताची सवय. तराफ्याचं पुढचं टोक पाण्यात गेलं, पेंढ्या निसटू लागल्या.

आबांची चूक मी कधी काढली नव्हती. तरी बोललो, "आबा, हितं पुढं बैलाची मान न्हाई. वजन मधी पायजे."

"मंग आधी बोलायला काय झालं हुतं? गूळ धरला हुता का तोंडात?"

आम्ही सगळं उतरवलं. पेंढ्या मधोमध, आडव्या, बुटक्या रचल्या. तराफा सरळ राहिला. पुढच्या खेपेला आबा म्हणाले, "तू भर. मी दोर वढतो."

गंजीची जागा पाण्याखाली गेली, तेव्हा कडबा घरामागे रचून झाला होता.