भावी

यवतला हायवेच्या कडेला आमच्यातल्या एकाचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. चहूबाजूंनी फोमचे गठ्ठे, त्यामुळं ट्रकचा आवाज आत येत नसे. तिथंच आम्ही तिघं रॅप रेकॉर्ड करायचो: तो दुकानवाला, कोरेगाव भीमाचा एक कंपनी कामगार आणि केंदूरची मी. ऐकणारे सगळे ओळखीचे. पोरगी रॅप करते म्हणून गावात नावं ठेवायचे. ठेवा म्हटलं, तुमचं काय जातंय!

मग मुंबईच्या एका बड्या म्युझिक कंपनीनं बोलावलं. अल्बम करा म्हणाले. कोरेगाववाला म्हणाला, "करू. पर असा करू, की फ्लेक्सवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या पायजेत."

आमच्या शिरूर-दौंडकडं कुणाचाही वाढदिवस असला की चौकात फ्लेक्स लागतो. मधल्या मोठ्या गोलात गॉगल घातलेला भाऊ, खाली बारक्या गोलांत शुभेच्छुक, आणि वर लिहिलेलं 'भावी सरपंच' नाहीतर 'भावी आमदार'. निवडणुका येतात, जातात, भाऊ भावीच राहतो. अल्बमचं नावच आम्ही 'भावी' ठेवलं. कंपनीतल्या साहेबानं विचारलं, "भाभी पे गाना है क्या?" कप्पाळ! हसून हसून पोट दुखलं.

कव्हर म्हणजे हुबेहूब फ्लेक्सच. खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही तिघं, फोमच्या गठ्ठ्यांवर बसून काढलेल्या फोटोतून कापलेले. मधला मोठा गोल मुद्दाम रिकामा. आणि माझ्या आवाजात ओळ होती, 'आज बी भावी, उद्या बी भावी, मेला तरी भावी!'

कसल्या मिरच्या नि कसलं काय! भाऊलोकांनी गाणं डोक्यावर घेतलं. डीजेवाले 'मेला तरी' तेवढं कापायचे आणि बाकीचं मिरवणूकभर वाजवायचे. करायला गेलो गणपती आन् झाला मारुती. एका भाऊनं तर मला हात जोडले. म्हणाला, "ताई, आमच्यावर इतकं मनापासून कुणी लिवलं न्हवतं."

मग वाढदिवसांच्या सुपाऱ्या यायला लागल्या. दुकानवाला खुशीत. कोरेगाववाला म्हणाला, "ज्येंच्यावर हसलो, त्येंच्याच म्होरं नाचायचं व्हय?"

"लोकांस्नी आवडतंय की. तुला काय दुखतंय?" दुकानवाला म्हणाला.

"दुखतंय," कोरेगाववाला म्हणाला.

मी दोघांवर खेकसले, हात जोडले, पुन्हा खेकसले. कोण ऐकतंय? कोरेगाववाला यायचा बंद झाला. दुकानवाला एकेका भाऊच्या स्टेजवर दिसायला लागला. मी घरी एकटीच म्हणत बसते. माझी ओळ संपली की कोरेगाववाल्याची यायची. तेवढी जागा मी अजून रिकामी सोडते. अल्बम गेला खड्ड्यात, मला ते दोघं हवे होते.

परवा बहिणीकडं यवतला गेले. एसटीतून उतरले तर चौकात फ्लेक्स. तेच रंग, तीच अक्षरं. आमच्या अल्बमचंच कव्हर, पण मधला गोल भरलेला. गॉगल लावून आमचा दुकानवाला. 'भावी सरपंच'. खाली दोन बारक्या गोलांत शुभेच्छुक म्हणून मी आणि कोरेगाववाला. मेल्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच उभं राहून कोरेगाववाल्याला फोन लावला. एरवी तो उचलत नाही. उचलला.

"आपल्याला शुभेच्छुक केलंय रे त्यानं! यवतच्या चौकात!"

त्याच्या मागं मशीनचा आवाज येत होता.

"फोटो कुठला लावलाय?"

"दुकानातलाच. गठ्ठ्यांवरचा."

"त्यात मी हसतोय न्हवं?"

मी मान वर करून पाहिलं. "व्हय. तोंडभर."

"मग ऱ्हाऊ दे."

"तू ये की बघायला," मी म्हणाले. "आजच ये. मी थांबते हितंच."

त्यानं फोन कधीच ठेवला होता. तरी मी थांबले.