ताटातला हिमालय

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला भूगर्भशास्त्राच्या सरांनी हिमालयाच्या अभ्यास-सहलीसाठी नावं मागितली. वडील मुंबईला कामाला, फोनवर म्हणाले, "आईला विचार." आमच्या घरातून माझ्याआधी रत्नागिरीच्या कॉलेजातसुद्धा कुणी गेलं नव्हतं, हिमालय तर दूरच.

आई अंगणात आंबापोळीच्या ताटांवरचं फडकं काढत होती.

"डोंगर बघायला येवढ्या लांब कशाला गो? दारातनं दिसतो तो सह्याद्री काय खोटा हाय?"

"तो वेगळा, आई. तो ह्या पोळीसारखा. तू रोज वाळल्या रसावर नवा रस ओततेस ना, तसा लाव्ह्याचा एक थर थिजला, त्यावर दुसरा. थर अजून आडवेच आहेत. हिमालयाचे थर बाजूने रेटले गेलेत."

"रेटले म्हंजे?"

मराठी शाळेतून आलेली मी; पुस्तकातलं इंग्रजी पाठ होतं, पण समजावता येईना. शेवटी एका ओलसर पोळीवर तळहात टेकवला आणि ती ताटाच्या पलीकडच्या काठाकडे ढकलली. पोळी मऊपणे उचलली गेली, एकामागे एक वळ्या पडल्या.

"अगो मेल्ये, वाट लावलीस!"

"ह्या वळ्या म्हणजे डोंगर," मी म्हटलं आणि आईने हात धरायच्या आत शेजारची कडक वाळलेली पोळीही ढकलली. ती वळली नाही. जराशी फुगली, तडकली, आणि माझ्याकडचा तुकडा सरकत पलीकडच्या तुकड्यावर चढला. थ्रस्ट फॉल्ट म्हणतात तो हाच, हे मलाही तेव्हाच कळलं.

आई वाकून बघू लागली. "म्हंजे तळातला, पयल्या दिवशीचा रस आता कालच्या रसावर?"

"हो. म्हातारा दगड तरुण दगडाच्या उरावर."

"आमच्या घरासारखंच की!" आत बसलेल्या आजीच्या दिशेने मान उडवत ती हळूच म्हणाली.

मग बराच वेळ ती उरलेली ताटं उन्हाकडे फिरवत राहिली.

"थंडी असंल तिकडे. माझी शाल घे," ती म्हणाली. "आणि ही मोडलेली पोळी मी कुणापुढे ठेवणार नाय. तूच ने."

तिने पाठवलं म्हणून मी हिमालयातला तसाच एक कडा पाहिला. वळ्या पडलेले थर, मध्ये तिरकी भेग, आणि भेगेच्या वर जुना दगड. तिथूनच आईला फोन लावला.

"दिसला?"

"दिसला. अगदी तसाच चढून बसलाय."

"आणि पोळी?"

"ती गाडीतच पोरींनी संपवली."

"मग बरोबर मोडली होतीस," आई म्हणाली.