शून्य म्हणजे कडक

हॉस्पिटलच्या टेलिफोन खोलीत ऑपरेटरबाईंची सगळी हयात गेली. "थांबा हं, जोडून देते," हे त्या झोपेतही बोलायच्या म्हणे. मग एक दिवस फोन जोडायचा जुना बोर्ड काढून टाकला, फोन कॉम्प्युटरच्या जाळ्यावर गेले आणि साहेबांनी बाईंना सरळ सांगितलं: नेटवर्कचं काम शिका, नाहीतर लवकर निवृत्ती घ्या. घरी बसायचा नुसता विचारही बाईंना सोसेना. लोक म्हणाले, या वयात कशाला नसती उठाठेव! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बाई शिकायला बसल्या.

शिकवायला होती विभागातली इंजिनिअर, लेकीच्या वयाची. राउटर म्हणजे वाट दाखवणारं यंत्र, आपल्याकडचे कोणते पत्ते बाकीच्या राउटरना कळवायचे ते त्याला सांगावं लागतं, इथवर बाईंना झटकन कळलं. गाडी अडली ती वाइल्डकार्ड मास्कवर, म्हणजे पत्त्याखाली लिहायच्या आकड्यांच्या ओळीवर.

"पत्त्याचे चार आकडे," इंजिनिअर म्हणाली. "मास्कमध्ये ज्याच्याखाली शून्य, तो तंतोतंत जुळायला हवा. ज्याच्याखाली दोनशे पंचावन्न, तो कुठलाही चालेल."

"म्हणजे शून्य असलं की कडक? अगं, हे उलटंच झालं की!"

घरी सांगितलं तर यजमान हसत सुटले. "उलटं कसलं? आपल्याच घरचा नियम आहे. तुझ्या तोंडून शून्य शब्द निघतात, त्या दिवशी माझी तपासणी सगळ्यात कडक!"

परीक्षा ठरली ती बाळंतपणाच्या नव्या इमारतीवर. बाईंनी ती जाळ्यात आणायची, साहेबांसमोर. साहेब खुर्ची ओढून शेजारीच बसले. बाईंनी राउटरच्या तळमजल्याकडे जाणाऱ्या जोडणीचा पत्ता टाकला आणि मास्कमध्ये चारही शून्यं ठोकून दिली. ठोकणारच हो! एक आकडा चुकला की फोन भलत्याच्या घरी, ही धास्ती जन्मभर बाळगलेली. तळमजला तेवढा आला. वरचे मजले ढिम्म.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. संपलं आता, असं वाटून बाईंना रडूच कोसळणार होतं. इंजिनिअरनं तोंड उघडलं, तर बाईंनी हातानंच तिला थांबवलं.

बाई मनाशी जुळवू लागल्या: पहिले दोन आकडे इमारतीचे, तिसरा मजल्याचा, चौथा यंत्राचा. अगं बाई, आपल्याला अख्खी इमारतच हवी आहे ना? पूर्वी कुणी "मुलांचा वॉर्ड द्या" म्हटलं, तर तिथे फोन कोण उचलणार याची चौकशी करत बसत होतो का आपण? वॉर्ड बरोबर लागला की झालं, मग सिस्टर उचलोत नाहीतर डॉक्टर!

बाईंनी जुनी ओळ पुसली. इमारतीच्या दोन आकड्यांखाली शून्यं, मजला आणि यंत्राखाली दोनशे पंचावन्न. थोडा वेळ काहीच होईना. मग मजले एकामागून एक पडद्यावर उमटले आणि टेबलावरचा फोन खणखणला. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर होत्या.

"लागला का हो? आवाज येतोय आमचा?"

"येतोय, स्वच्छ येतोय!" बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

साहेब उठले. "पुढच्या आठवड्यात जुनी इमारत जाळ्यात घ्यायची आहे. तुम्ही आहात ना?"

"आहे ना!" बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की तिकडे सिस्टर दचकल्या.

"अहो, कोण आहे?"

"मी गं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी आहे अजून."